कॅमेऱ्याची राखण

गल्फमधली नोकरी म्हणजे मजा, असं पुन्हा कुणी म्हणू नका हं! बहारीनला सखीरच्या वाळवंटात आमच्या बांधकामावरून तांब्याची केबल चोरीला जायची. तिथे चाकांच्या गाडीवर कॅमेरा आणि बॅटरीवरचा रेकॉर्डर लावायचं काम माझ्याकडे आलं. ते जमलं तरच नोकरी पक्की होणार, म्हणून नुसता फोन वाजला तरी मी दचकायचे.

आणि एका सकाळी फोन आलाच. केबल पुन्हा चोरीला गेली! आता चोर टेपवर सापडणार म्हणून मी आमच्या पुणेकर साहेबांना घेऊनच साइटवर गेले. टेप लावली, तर साइटवर एवढे दिवे असून पडद्यावर मिट्ट काळोख.

वॉचमन हसनचाचा रत्नागिरीचे. म्हणाले, "कंटेनरातला काळोख हाय तो, बाय. सांजचा गाडी आत ढकलून कुलूप लावतंय. येवढा म्हागाचा सामान भायेर कसा ठेवू?"

"अहो चाचा, कॅमेरा चोर पकडायला ठेवलाय!"

"मग? केबल गेली. कॅमेरा गेला काय?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते गंभीरपणे मान हलवत होते.

"मुद्दा बरोबर आहे त्यांचा. उद्या अजून एक कुलूप आणून द्या."