दोन चिंचांचे बुंधे

नाही गं, उंच कुठली मी! बुंध्यावर उभी आहे. माझ्या बाजूलाही आहे ना एक, तुझ्या बाजूला आहे तसाच. दोन चिंचा होत्या आपल्या मधल्या भिंतीला खेटून – एक इकडे, एक तिकडे – विजेच्या तारांना लागतात म्हणून परवानगी काढून तोडल्या, आणि खाली हे गुडघ्याएवढे बुंधे राहिले. वरचं लाकूड न्यायला रांग लागली, बुंध्यांकडे कुणी बघेना. तूही चढ की तुझ्या बुंध्यावर, नुसता आवाज येतोय – रेडिओशी बोलल्यासारखं वाटतंय मला. हां, आता दिसलीस! झोप झालेली दिसत नाही, रुपाली. दिवा चालू असतो तुमचा रात्री – मी बघत नाही हं, दिसतो.

तर बुंधा स्वस्तात काढायचाय म्हणतेस. बरोबर आहे, दसऱ्याला गाडी येणार आणि गाडीच्या जागेवर हा बसलाय मांडी घालून. लाल घेतलीत ना? कुणी सांगितलं म्हणजे – तुझे दत्तप्रसाद गेटपाशी फोनवर बोलत होते, आणि मोठ्यानं बोलतात ते, माझा काय दोष. जेसीबीचं तेवढं विसर. आपल्या गल्लीत गॅसची गाडी वळायला लागली की सगळी गल्ली बाहेर येऊन ‘येऊ द्या, येऊ द्या’ करते, तिथं जेसीबी कुठला शिरतोय. आणि खणायला माणसं बोलावलीस तर ती आधी बुंध्याकडे बघतात, मग तुमच्या नव्या पडद्यांकडे बघतात, आणि मग भाव सांगतात.

काय? इंटरनेटवर बघितलंस? काय घालायचं म्हणतात – एप्सम? म्हणजे ते जुलाबाचं मीठ? अगं, आम्हाला लहानपणी पोट साफ करायला द्यायचे ते! आता झाडाला देणार? द्या बाई, हिंजवडीत नोकरीला जाणारी शिकलेली माणसं तुम्ही, मी आपली नववी पास. पण हसत नाही हं मी तुला, कारण मी तुझ्याही पुढची आहे. मी साधं खडेमीठ घातलं. वायरमनच्या मागे लागून बुंध्याला भोकं पाडून घेतली, प्रत्येक भोकात मूठमूठ मीठ दाबलं, वर पाणी सोडलं, आणि वाट बघत बसले. काय झालं असेल? माझा मोगरा मेला. पलीकडचा कढीपत्ता मेला. आणि बुंध्याला फुटली पालवी – अशी कोवळी, तजेलदार, की शेवटी मीच ती खुडली आणि आमटीत घातली. मारायला निघाले होते त्याचा पाला खाल्ला. आमचे हे म्हणाले, मीठ बेताचं पडलंय.

मग गूळ आणि ताक ओतलं. त्यानं वाळवी लागते म्हणतात, आणि वाळवी खोड पोखरून टाकते, आपल्याला कष्टच नाहीत. आली वाळवी. आली, बुंध्याला वळसा घातला आणि आमच्या मागच्या दाराची चौकट खाल्ली. खोटं वाटत असेल तर ये बघायला, अजून हात लावला की भुसा पडतो. तेव्हा हे म्हणाले, ‘सत्यशीला, तू एवढे उपाय कशाला करतेस? त्याच्याशी रोज तासभर बोल, कंटाळून स्वतःच निघून जाईल.’ माणूस बोलत नाही फारसा, पण बोलला की असं!

आणि हे सगळं बघायला पलीकडे मेहजबीन. तुम्ही जिचं घर घेतलंत ना, तीच मेहजबीन. आता तिकडे कोंढव्याला गेली लेकाकडे. ती तू उभी आहेस तिथंच उभी राहायची. तुझा बुंधा माझ्यापेक्षा वीतभर उंच, म्हणून ती माझ्याशी जरा वरूनच बोलायची. मीठ घातलं – ती हजर. ताक ओतलं – ती हजर, ‘अगो, जिरं घातलंस का?’ स्वतःच्या बुंध्याला मात्र तिनं कधी बोट लावलं नाही. म्हणायची, आधी तुझा निघू दे, मग माझं बघू. शेवटी मी गोवऱ्या रचल्या आणि दिला पेटवून. तो मात्र छान धरला होता गं, आतून लालबुंद, एका दिवसात गेला असता. मीच बादली ओतली.

का म्हणजे? धूर झाला ना. लोकांचे कपडे वाळत होते. म्हणजे – कपडे आमचेच होते, आणि धूर तसा ... जाऊ दे. विझवला. मेहजबीन आत गेली आणि तिनंही एक बादली आणून दिली.

बरं, तुझं काम ऐक. तिचा भाऊ आहे मकसूद, मटणाचं दुकान आहे त्याचं. आम्ही गुरुवार पाळतो, बाकी वार त्याचेच. तर खाटकाला तोडकामाला ठोकळा लागतो ना, तो चिंचेचाच चांगला – सुऱ्याचे घाव बसले तरी लाकडाचा भुसा मटणात येत नाही. तो कधीपासून मागतोय. स्वतः माणसं आणेल, मुळं तोडेल, बुंधा उचलेल आणि खड्डा बुजवून जाईल. फुकट. दोन्ही द्या म्हणाला होता, मी म्हटलं माझा जळका आहे, त्याचं मटण काळं पडेल.

हे आधीच सांगायला हवं होतं? हो, सांगायला हवं होतं. पण मग दोन वाक्यांत बोलणं संपलं असतं ना गं!

मग करू त्याला फोन? ... का, खाली बुंध्याकडे काय बघतेस? माझ्याकडे बघून ठरवू नकोस हं. गाडी काय उन्हात ठेवणार, लाल रंग लवकर उडतो. आणि पत्र्याची शेड घालायची तर इथंच येणार, कळतं मला तेवढं. माझं काय, मला बोलायला समोर माणूसच लागतं असं नाही – तुमचं घर बंद होतं तेव्हाही मी रोज सकाळी चढायचेच की. तुमच्या कुलपाला सगळं ठाऊक आहे माझं. सवय, दुसरं काय.

जा, जा, कॅबवाला हॉर्न देतोय, मघापासून देतोय बिचारा. संध्याकाळी सांग. नाहीतर उद्या सांग. आणि तोंड भिंतीकडे ठेवून उतर – अशी नाही, उजवा पाय आधी. डावीकडे मूळ वर आलंय. मेहजबीन तसंच उतरायची, कधी पडली नाही.