जात्याला टाकी लावाऽऽ

आमी वडार. माझं नाव यल्लव्वा, बिलोलीच्या कडंला आमची वस्ती. बाप दगड फोडायचा, आई जात्याला टाकी लावायची, म्हंजी झिजल्या दगडाला नवे दात पाडायची, तेच माझ्या हाती आलं. मग गावोगाव गिरण्या आल्या अन् जाती गेली, कुणाची पायरी झाली, कुणाचा धुण्याचा दगड. मी तरी वरडत हिंडायची, तर पोरी हासायच्या, म्हणायच्या यल्लव्वा, मिक्सरला लाव की टाकी.

तर काय सांगू तुम्हाला, मागल्या साली पल्याडच्या गावात गेले तर बाया पळतच आल्या, आदी माझ्या घरी चल, न्हाई माझ्या घरी. मला वाटलं चेष्टा करून राहिल्या. मग कळलं. शेवंता म्हणून नवरा मेलेली बाई हाय, ती दळण घिऊन गेली तर गिरणीवाल्यानं तिचा हात धरला. वरडली, तर उलट म्हणला, हिचीच चाल बरी न्हाई. गावात गिरणी एकच, त्याला वाटलं जातील कुठं. पर बाया म्हणल्या, ह्याच्या गिरणीत दाणा टाकायचा न्हाई. त्याच्या सख्ख्या भावजयीनं बी जातं काढलं, हाव, सख्ख्या!

पर जात्याला दात कुठं? ज्वारी नुसती भरडायची, लेकरं भाकर थुकायले, गडी म्हणायले बस झालं, जावा गिरणीत. सगळं माझ्या टाकीवर अडलं बघा. मी ठोकतच राहिले, घरामागून घर, हाताला फोड आले. शेवंताच्या ओट्यावर निजले अन् पहाटं ऐकते तर साऱ्या गावातून घरघर, घरघर, अन् गिरणी मुकी. रडूच आलं मला. ओव्या कुणाला येत न्हवत्या, मोबाईलवर गाणी लावून दळत व्हत्या बाया!

शेवटी आला तो, शेवंताच्या दारात, सगळ्यांम्होरं म्हणला, मी खोटं बोललो, हात मीच धरला. बायांनी तिला इचारलं, तुझं काय म्हणणं. ती म्हणली, गिरणीत दळायला ह्यानं बसायचं न्हाई, ह्याच्या आईनं बसावं.

आता म्हातारीच बसती, गिरणी चालू हाय. माझं काम परत बंद. पर बायांनी सांगितलंय, यल्लव्वा, बाजाराला आलीस की गिरणीम्होरं उभी राहून वरडत जा. मी वरडते, जात्याला टाकी लावाऽऽ. तो आत पोती उचलत असला तर मान खाली घालतो. त्या बायांवर जात्याला टाकी लावून घ्यायची पाळी परत न येवो, पर माझा आवाज तेवढा टिकू दे देवा.