तात्यांनी मागितलेलं पाणी

मायबाप हो, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगवाले, तुम्हीसुद्धा हात पुसून घ्या, मला एक प्रश्न विचारायचाय. पोरीसाठी स्थळ बघायचं झालं, तर किती दिवस हिंडता? महिना? सहा महिने? वहाणा झिजतात! न्हाव्याकडं चौकशी, गिरणीवाल्याकडं चौकशी, शेजारणीला कोपऱ्यात घेऊन चौकशी. बरोबर ना? आणि त्याच पोरीला सहाव्या वर्षी शाळेत घालायची झाली, तर किती दिवस लागतात?

बघा, सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

मी सांगतो. चौकातला फ्लेक्स वाचायला लागतो तेवढाच वेळ! तोसुद्धा मोटारसायकलवरून न उतरता. अहो, नवऱ्याच्या घरी जायच्या आधी लेकरू पाच-पाच वर्षं शाळेच्या घरी नांदतं. तिथं सासू कोण आहे, बघितलं का कुणी? लेकरू कुठल्या घरी द्यावं आणि ते घर ओळखावं कसं, हा आजचा प्रश्न. त्यावर खडकेवाडीच्या संपततात्यांचं आख्यान ऐका.

हे संपततात्या ढगे म्हणजे पंचक्रोशीत स्थळं पारखणारा माणूस. कुणाचीही पोर लग्नाला आली, की बाप आधी तात्यांकडं यायचा. 'तात्या, चला, घर बघून येऊ.' तात्या टोपी घालायचे, काठी घ्यायचे आणि निघायचे. बरं, तिथं गेल्यावर पगार विचारायचे नाहीत. जमीन विचारायचे नाहीत. पोह्याला हात लावायचे नाहीत, कारण तात्या म्हणायचे, 'पोहे खाल्लेल्या तोंडानं नाही म्हणता येत नाही.' काय अनुभव आहे बघा! पहिल्या रांगेतले काहीजण हसतायत, त्यांनी पोहे खाल्लेले दिसतायत.

मग तात्या काय करायचे? मागच्या दारी जायचे. तिथं जी मोठी सून असेल तिला म्हणायचे, 'सूनबाई, घोटभर पाणी द्या. आणि तुम्ही दमला असाल, तुम्हीपण प्या.' बास. एवढीच परीक्षा. सून हसून 'होय बाबा' म्हणाली, तर घर चांगलं. पण बोलायच्या आधी तिनं सासूच्या तोंडाकडं बघितलं, की तात्या काठी उचलायचे. मग पोरगा कलेक्टर असू द्या, नाहीतर अमेरिकेत असू द्या. 'ज्या घरात तहान लागली हे सांगायलासुद्धा परवानगी लागते,' तात्या म्हणायचे, 'तिथं आपली पोरगी द्यायची नाही.' अशी चाळीसएक स्थळं तात्यांनी मोडली आणि तेवढीच जुळवली, आणि जुळवलेल्यातली एकही पोर रडत माघारी आली नाही.

इथवर तात्या शहाणे. आता शहाणा माणूस कुठं घसरतो ते बघा.

तात्यांची नात जुई. सहा वर्षांची. आणि बडबडी किती? कोंबडीला अंडं देताना दुखतं का, इथपासून ते देवाला कुणी आंघोळ घातली नाही तर त्याला वास येतो का, इथपर्यंत! मला विचारलं असतं तर मी कीर्तन सोडून पळालो असतो. तिला पहिलीत घालायची वेळ आली. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, दोन खोल्यांची. तात्या म्हणाले, 'छ्या. आपली पोर हुशार आहे.'

आणि तालुक्याच्या चौकात फ्लेक्स! नाव नाही सांगत त्या शाळेचं, कारण तसला फ्लेक्स तुमच्याही चौकात असणार. परीक्षेचा निकाल शंभर टक्के. तालुक्यातल्या पहिल्या दहांत आमचे सात. सात पोरांचे सात गोल फोटो, आणि मधोमध संस्थाचालकांचा फोटो, त्या सातांपेक्षा मोठा. परीक्षा कुणी दिली होती कुणास ठाऊक!

तात्या गेले शाळेत. मुख्याध्यापकांनी 'या, या' केलं. पंख्याखाली बसवलं. कपबशीत चहा, दोन प्रकारची बिस्किटं, त्यातलं एक मलईचं. टक्केवारीची रंगीत फाइल पुढं ठेवली. आणि मायबाप, ज्या माणसानं चाळीस वर्षांत परक्या घरचा पोहा तोंडात घातला नव्हता, त्यानं मलईचं बिस्किट खाल्लं! दुसरं मागून घेतलं! मागच्या दारी गेले का? नाही. पाणी मागितलं का? चहा झाला होता ना! फॉर्मवर सही ठोकली आणि आले गावात छाती काढून.

सूनबाई रोहिणी हळूच म्हणाली, 'मामंजी, वर्ग बघितला का?'

'निकाल बघितला,' तात्या म्हणाले. 'शंभर टक्के. त्याच्या वर काय असतं का?'

शाळा सुरू झाली. पहिला आठवडा पोरगी बडबडत आली. दुसऱ्या आठवड्यात निम्मं बोलली. महिन्याभरात काय झालं? गप्प. दप्तर ठेवायची, भिंतीकडं तोंड करून बसायची. कोंबडीनं अंडं दिलं तरी उठायची नाही. तात्यांना काय वाटलं असेल? तात्यांना आनंद झाला! पारावर बसून सांगायला लागले, 'उथळ पाण्याला खळखळाट फार. आमची जुई आता खोल व्हायला लागली.' सोबतीला माना डोलवणारे चौघे असतातच. अशा माणसांना डोलायला मृदंगसुद्धा लागत नाही.

पण खोल काय झालं होतं, ते आईला ठाऊक. रोज सकाळी रोहिणी पाण्याची बाटली भरून द्यायची आणि संध्याकाळी ती बाटली जशीच्या तशी, काठोकाठ परत यायची. एक दिवस पोरीला ताप भरला. लघवी करताना रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, 'दिवसभर पाणी पीत नाही ही. लघवी दाबून ठेवते. असंच चाललं तर दुखणं आत जाईल.'

तात्या अंथरुणाशी बसले. 'का गं जुई, पाणी का पीत नाहीस?' पोरीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मग रोहिणी बोलली. आजवर सासऱ्यापुढं आवाज न चढवलेली बाई. आताही चढवला नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, 'मामंजी, नवऱ्याचा पगार बघून तुम्ही कुणाचीच पोर दिली नाहीत. मग आपलीच कशी दिलीत?'

लागलं! अहो, काठीनं मारलं असतं तर बरं असं लागलं. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. आणि जेवायचं तरी कुठल्या तोंडानं? मलईच्या बिस्किटाची चव अजून तोंडात होती.

आठ दिवसांनी पोर बरी झाली. रोहिणी पाठवायला तयार नव्हती. तात्या म्हणाले, 'एकच दिवस. मला बघू दे.' आणि पोर शाळेत गेल्यावर दुपारी काठी घेऊन निघाले. मुख्याध्यापकांच्या दारावरून गेले नाहीत, मागच्या फाटकानं गेले. तिथं शाळेची मावशी झाडत होती. तात्या म्हणाले, 'मावशी, घोटभर पाणी द्या.'

मावशीनं तिच्या तांब्यातलं दिलं. 'पोरांचा नळ मधल्या सुट्टीतच सोडतात, बाबा. तासाला घरची बाटलीसुद्धा उघडायची नाही, मुतायला उठायचं नाही,' ती म्हणाली. 'एरवी पाणी प्यायली की मुतायला जातात. मुतायला गेली की धडा बुडतो. धडा बुडला की मार्क जातात.'

ऐकलंत? शंभर टक्के कुठून आले ते कळलं? आमच्या बापजाद्यांनी विहिरी खणल्या, पाणपोया घातल्या. आणि आम्ही पोरांची तहान मारून टक्के उभे केले!

तात्या वर्गाच्या दाराशी गेले. दर शनिवारी परीक्षा, आणि मार्कांप्रमाणे बसायची जागा. पुढच्या बाकावर उद्याचे गोल फोटो बसले होते. जुई कुठं? शेवटच्या बाकावर, चपलांच्या कप्प्याजवळ. पेपरात विचारलं होतं, मुंग्या कशा चालतात. उत्तर होतं, रांगेत. हिनं लिहिलं होतं, 'रांग सोडली तर त्यांना कोण मारतं?' झालं, शून्य. बसा चपलांजवळ.

तात्यांनी दारातून हाक मारली, 'जुई, बाळा, तहान लागलीय का?'

पोरीनं आजोबांना बघितलं. पूर्वी रोज अंगावर उडी मारणारी पोर, जागची हलली नाही. ओठ कोरडे होते. आणि बोलायच्या आधी तिनं काय केलं, मायबाप?

बाईंच्या तोंडाकडं बघितलं.

तात्यांच्या हातातनं काठी गळाली. चाळीस घरं ज्या एका खुणेवर सोडली, ती खूण त्यांच्या स्वतःच्या नातीच्या डोळ्यांत होती. आणि तिला त्या घरात आणून बसवणारे तेच होते. तात्या चपलांच्या कप्प्यापर्यंत गेले, पोरीला कडेवर घेतलं आणि सगळ्या वर्गासमोर रडले. बाई म्हणाल्या, 'आजोबा, टेस्ट चालू आहे.' तात्या म्हणाले, 'चालू द्या. आम्ही नापास झालोय.'

दुसऱ्या दिवशी तात्या गावातल्या दोन खोल्यांच्या शाळेत गेले. एक पंखा बंद, फळ्याचा कोपरा उडालेला. उगाच त्या शाळेची आरती नको ओवाळायला. ओसरीवर बसून तात्या म्हणाले, 'पोरांनो, घोटभर पाणी देता का?' दोघं-तिघं एकदमच उठली. त्यातली एक शेंबडी पोरगी पेला घेऊन पळत आली, चारही बोटं पाण्यात बुडवून! तात्यांनी विचारलं, 'गुरुजींना विचारलंस का?'

ती म्हणाली, 'पाणी द्यायला काय विचारायचं?'

तात्या ते बोटं बुडवलेलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग गुरुजींना विचारलं, 'निकाल कसा असतो?'

'मधला असतो,' गुरुजी म्हणाले. 'वाचनात दोन पोरं अजून कच्ची आहेत. कुठली ते ठाऊक आहे. का कच्ची आहेत, ते शोधतोय.'

तात्यांनी तिथंच नाव घातलं. जुई पंधरा दिवस गप्पच बसायची. सोळाव्या दिवशी घरी येऊन म्हणाली, 'आजोबा, गुरुजींना माहीत नाही.' 'काय माहीत नाही?' 'कोंबडीला दुखतं का. ते म्हणाले, आपण दोघं शोधू.' तात्यांनी टोपी काढून डोळे पुसले.

संपलं आख्यान. तुम्ही खूश दिसताय. त्या फ्लेक्सवाल्याची कशी जिरवली, असं वाटतंय ना? थांबा. टाळ उचलू नका. उद्या तुम्हीही मागच्या दारानं जाल, पाणी मागाल. जा, जरूर जा. पण त्याच्या आधी एक करा. आज घरी गेल्यावर तुमच्या लेकराला विचारा, 'बाळा, तुला शाळेत जावंसं वाटतं का?' आणि उत्तर ऐकू नका. उत्तराच्या आधी ते कुणाच्या तोंडाकडं बघतंय, ते बघा.

तुमच्याच तोंडाकडं बघितलं, तर शाळा बदलून भागायचं नाही, मायबाप. मग आधी घरातला नळ सोडा.

घ्या आता टाळ.