रोलमधला पहिला फोटो

अगं, आमचा सुधीर दहावीला बसला तेव्हा मी नवस बोलले होते, पोरगं पास झालं तर सहलीचा पहिला फोटो देवीचा. पास झाला, आणि मुंबईजवळच्या मोठ्या पाळण्यांच्या पार्कात जायचं ठरलं. गावी असोद्याला राहणाऱ्या सासूबाई गुडघ्यांमुळे येणार नव्हत्या. म्हणाल्या, "मले तो पाळणा फोटोत दाखवजा बरं!"

निघताना यांनी टेपरेकॉर्डर, वॉकमन, आमचा साधा कॅमेरा, सगळं बाजूला ठेवलं आणि भावजींचा भारी कॅमेरा तेवढा घेतला.

मी म्हटलं, "आधी देवीचा फोटो."

"छत्तीसच फोटो आहेत. घरातच काय घालवायचे?"

"नवस आहे माझा."

कुरकुरत यांनी फोटो काढला आणि रोल पुढे सरकवला.

"अहो, ती डावीकडची चकती फिरलीच नाही. शिलाई मशीनवर दोरा ओढला की रीळ फिरतं ना?"

"आता तू मला कॅमेरा शिकव!" म्हणत यांनी तो उघडला, तर रोलचं टोक खाचेतून निसटलेलं! एकही फोटो आला नसता. यांनी रोल नीट बसवून देवीचा फोटो पुन्हा काढला.

सासूबाईंनी पाळण्याचा तो फोटो असोदाभर मिरवला. म्हणून सांगते, तुम्हीही निघण्याआधी पहिला फोटो घरच्या देवाचा काढा. आणि हात जोडताना एक डोळा चकतीवर ठेवा.