मी नुसती झील ओढायची

नावं तेवढी बदलून लिहा, मंग सांगते. आमचं गाव मंठ्याच्या बाजूचं, बाप तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचा, आम्ही दोघी बहिणी, मोठी शेवंता अन् मी कांता. ताई दिसायला अशी की बाजारात तोलणाऱ्याचा तराजू हातातच राह्यचा, अन् माझे दात पुढं, रंग तव्याचा, म्हणून बापानं तिला पुढं उभं केलं अन् मला मागं, झील ओढायला. झील म्हणजे तिनं ओळ म्हणायची अन् शेवट आम्ही वर उचलून धरायचा, आमच्याकडं कुणी पाहत न्हाई.

ताईचं लई नाव झालं, काय सांगू तुम्हाला, पोस्टरवर फक्त तिचा चेहरा, ट्रॅक्टर भरभरून माणसं यायची, अन् ती गायचीही तशी, खोटं कशाला बोलू. मंग तिच्या गळ्यात गाठी झाल्या. जालन्याचा डॉक्टर म्हणला, बाई, बोलता येईल, गाता येणार न्हाई बिलकुल. यात्रा चार दिवसांवर आल्ती. ताई भिंतीकडं तोंड करून बसली. मी म्हणलं, रडून काय व्हतं, तू हात कर, ओठ हलव, मी गाते. एका दिवसापुरतं ठरलं अन् अकरा वर्षं चाललं.

लपून न्हाई हं, तिच्या मागं दोन हात अंतरावर उभी राहून, पदर जरा तोंडावर घेऊन. आवाज भोंग्यातून यायचा, मंग कोण पाहतं. आमचा सोंगाड्या बबनमामा म्हणायचा, देवानं एक बाई करायला घेतली अन् घाईत दोघींत वाटून टाकली. फडातलं फडातच राह्यलं. लोकांनी मोबाईलवर ताईची म्हणून जी गाणी भरून घेतली ती सगळी माझी.

मागच्या उन्हाळ्यात ताई गेली, शुगरनं किडन्या खाल्ल्या. दवाखान्यात माझं मनगट धरून म्हणली, कांते, माझ्या माघारी गाऊ नको, लोक आवाज ओळखतील, माझं नाव जाईल. मला वाटलं होतं ती म्हणल, आता तू पुढं उभी राह्य. वाटलं होतं खरं. पण मरणाऱ्या माणसाशी काय भांडता, म्हणलं, न्हाई गात.

मंठ्याला शोकसभा झाली, भाषणं झाली, अन् गाणं लावलं. म्हातारी माणसं डोळे पुसून राह्यलती, असा गळा पुन्हा व्हायचा न्हाई म्हणत होती, अन् मी पहिल्या रांगेत, मेले न्हाई अन् माझीच शोकसभा चालू. एक जण माईक घेऊन आला, मावशी, तुम्ही त्यांच्या मागं असायच्या, एखादी ओळ म्हणा की. ओळ जिभेवर आल्ती. म्हणलं, मला न्हाई येत, मी नुसती झील ओढायची. तो म्हणला, बराबर आहे, सगळ्यांनाच कुठं देणगी असते.

फड मोडला. आता अंकुशनगरला कारखान्याजवळ खानावळीत भाकरी करून राह्यले. तिनं गाऊ नको म्हणलं, सांगू नको म्हणलं न्हाई, म्हणून तुम्हाला सांगितलं. ती असल तिथं सुखात राहो. गळा आहे अजून. पाण्याचा टँकर आला की बाया म्हणतात, कांताबाई, हाक तुम्हीच मारा, तुमची लांब जाते. मी मारते, चार गल्ल्यांना जाते. टँकर गेला की गप.