बैलाची मूठ

मुक्ताबाई : धोंडिराम, ह्यांच्या वागण्याला काय म्हनायचं सांग. सकाळधरनं लघवीचा थेंब न्हाई, पोट दगडावानी झालंय, अन् इचारलं की म्हनत्यात, "काय न्हाई." कंबरंला खोचलेली ही पुडी आज मी हिसकून घेतली. उंब्रजच्या बाजारात तुझ्याबिगर असली भुकटी कोन इकतंय? काय काय घातलंयस हिच्यात?

धोंडिराम : माझीच हाय काकी. सराटं, वायवर्ण्याची साल, घेटुळीचं मूळ. लघवी मोकळी कराया.

मुक्ताबाई : सराटं माझ्या बांधावर लोळत्यात. त्यानं जीभ टाळ्याला चिकटत न्हाई. डोळ्यांच्या बाहुल्या अशा फाकत न्हाईत. आनि काय हाय?

धोंडिराम : उलीसं धोतऱ्याचं बी. कळ मराया.

मुक्ताबाई : धोतरा! अन् घ्यायचं किती?

धोंडिराम : मूठभर. गुळातनं, सांज-सकाळ.

मुक्ताबाई : माणसाला मूठभर?

धोंडिराम : माणसाला कुठं काकी? आबा म्हनलं, बैलाचं मूत तुंबतंय.

मुक्ताबाई : कुठला बैल? जोडी इकून दोन बेंदूर झालं. गोठ्यात निसत्या म्हशी हायेत!

धोंडिराम : आई यमाईची आन, मला काय ठावं! माणसासाठी म्हनलं असतं तर धोतऱ्याला शिवलो नसतो.

मुक्ताबाई : आनि बैल तरी बघितलास का? न बघता पुडी बांधलीस.

धोंडिराम : फौजेतला माणूस खोटं बोलंल असं...

मुक्ताबाई : गप. ही पुडी आता डॉक्टरला दावते. आवं, तितं पारावर बसून ऐकलंत न्हवं समदं? उठा.

आबा : हळू बोल की. समदा बाजार ऐकतोय.

मुक्ताबाई : ऐकू दे. कवाधरनं चाललंय हे?

आबा : सुगीपास्नं. कराडचा डॉक्टर नळी घालतोय म्हनं. परक्याम्होरं धोतर सोडायचं... लाज वाटली गं.

मुक्ताबाई : बंदूक धरताना हात कापला न्हाई, अन् धोतर सोडताना मेल्यावानी झालं? बैलाच्या नावानं इख खाल्लंत, आवं! चला, कराडची जीप थांबलीय. तिथं इचारतील, तरास कुनाला. तुमी तोंड उघडणार न्हाई, ठावं हाय मला. लगीन झाल्यापास्नं तुमचं नाव मी व्हटावर आणलं न्हाई. आज घेणार. मोठ्यानं.