आतली कडी

(बिल्डिंगची गॅलरी. सकाळ.)

फिटर : आणि हरला तर? नुसत्या चहावर मी मानणार नाही हां.

प्रोग्रामर : तुम्हीच सांगा काका.

फिटर : हरणाऱ्यानं संध्याकाळी बिल्डिंगच्या फाटकात उभं राहायचं, दोन्ही कान धरून, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, 'मी गाढव आहे.' शेपूट माझ्याकडून. सुतळीची.

वेल्डर : शेपूट तुझ्याकडे तयारच असणार म्हणा.

फिटर : तू गप. तू साक्षीदार.

वेल्डर : होतो साक्षीदार, पण आटपा. मला कामावर जायचंय, आज टाकीत उतरायचंय. पैज कशावर, ते तरी कळू दे.

फिटर : ह्या लॅपटॉपरावांचा प्रोग्राम सकाळपासून ठप्प. मी म्हणतो, बाराच्या भोंग्याआधी काही तो हलत नाही.

प्रोग्रामर : हलवून दाखवतो.

वेल्डर : अडलाय कशापायी?

प्रोग्रामर : आपल्या कारखान्यातल्या टाक्यांची एक फाईल आहे दादा. कुठली चालू, कुठली दुरुस्तीसाठी बंद. तिच्यात माझा प्रोग्राम लिहितो आणि तुमच्या दुरुस्तीवाल्यांचाही. दोघांनी एकदम लिहिलं तर एकाचं पुसलं जातं. म्हणून लिहिणाऱ्यानं आधी फाईलला कुलूप लावायचं, दुसऱ्यानं थांबायचं.

फिटर : म्हणजे आपल्या मजल्यावरचा संडास.

प्रोग्रामर : काका!

फिटर : काय चुकलं? आतल्यानं कडी लावायची, बाहेरच्यानं बादली घेऊन पोट आवळत उभं राहायचं.

वेल्डर : कडी कसली ती! बाहेरून नखानं उघडते.

प्रोग्रामर : हेही तसंच आहे. कुलूप म्हणजे नुसती खूण, मानली तर. मला ते एका ओळीत उडवता येतं.

फिटर : मग उडव की!

प्रोग्रामर : तसं नसतं करायचं. आत कुणी नाही, ही खात्री पाहिजे. कधीकधी प्रोग्राम मरतो आणि त्याचं कुलूप मागे राहतं. तेवढंच काढायचं.

वेल्डर : मग आपण करतो तेच कर. बाहेरून खोकायचं. आतून खोकला आला की मुकाट थांबायचं.

फिटर : नाही आला तर नाक धरून दार ढकलायचं.

वेल्डर : चला, निघतो मी. संध्याकाळी फाटकात भेटू. शेपूट लांब ठेव रे.

फिटर : तू ये तर खरा!... काय लॅपटॉपराव, अजून तेच? साक्षीदार जाऊन युगं लोटली. माझी दाढी झाली, आंघोळ झाली, पेपर उलटासुलटा वाचून झाला. भोंगा होईल आता.

प्रोग्रामर : अजून धरूनच बसलेत दुरुस्तीवाले फाईल.

फिटर : सुतळी कापून ठेवलीय बरं का. तुझ्या मापाची.

प्रोग्रामर : थांबा हो जरा.

फिटर : भोंगेवाला उठला असेल खुर्चीतून. आळस दिला असेल. बटणाकडे निघाला असेल... शेपटीला वेणी घालू का रे?

प्रोग्रामर : इतका वेळ कोण लिहीत बसतं? मेलाच असणार तो. जाऊ दे... हे बघा, उडवलं कुलूप. चालू! काका, चालू झालं!

फिटर : आयला! आणि भोंगा हा आत्ता वाजतोय.

प्रोग्रामर : संध्याकाळी कान धरा.

(काही दिवसांनी. तीच गॅलरी. वेल्डरच्या दाराबाहेर चपलाच चपला. प्रोग्रामरचं दार बंद.)

फिटर : दार उघड. अंधारात काय बसलायस? खाली कारखान्याचा साहेब आलाय, फाटकात वहिनींना समजावतोय. म्हणे तुमच्या माणसानं टाकीत उतरायच्या आधी नोंदच केली नाही. स्क्रीनवर टाकी चालू दिसत होती, म्हणून वरून उकळतं पाणी सोडलं. चूक त्याचीच, म्हणे.

प्रोग्रामर : हं.

फिटर : हं काय? जो माणूस सायकलीला दोन कुलपं लावायचा, तो नोंद न करता उतरेल? आधी आम्ही पाण्याच्या व्हॉल्व्हला आपलं कुलूप ठोकायचो, किल्ली खिशात घालून उतरायचो. ते बंद केलं. नोंद केली, स्क्रीनवर टाकी लाल म्हणजे बंद दिसली, की पुरे, म्हणे. तू बघ ना जरा त्या फाईलीत. तुला कळतं त्यातलं.

प्रोग्रामर : बघितलं.

फिटर : मग?

प्रोग्रामर : दादांची नोंद झाली होती.

फिटर : अरे मग बोल की खाली जाऊन!

प्रोग्रामर : काका, तो प्रोग्राम मेला नव्हता. दुरुस्तीवाले एकेका टाकीची नोंद भरत होते. दादांची ओळ लिहून झाली होती. मी कुलूप उडवलं आणि माझ्या प्रोग्रामनं त्यावर सकाळची जुनी फाईल लिहून टाकली. त्यात ती टाकी चालू होती.

फिटर : खोकला नाहीस?

प्रोग्रामर : नाही.

फिटर : एकदासुद्धा?

प्रोग्रामर : एक फोन केला असता तरी कळलं असतं.

फिटर : आणि मी इथं शेपटीला वेणी घालत होतो.

प्रोग्रामर : अजून कुणाला माहीत नाहीये. सांगितलं तर नोकरी जाईल, पोलीस येतील. माझं बाळ अजून बसायलाही लागलं नाही हो.

फिटर : आणि त्याची पोरं? बापानं स्वतःच्या निष्काळजीपणानं जीव घालवला, हे ऐकत मोठी होऊ देत?

प्रोग्रामर : वहिनींसमोर कसा उभा राहू मी?

फिटर : माझी पैज फेडायची राहिलीय. त्या संध्याकाळी फाटकात ॲम्ब्युलन्स उभी होती, कान कुठे धरणार होतो? चल. आधी मी फेडतो, मग तू बोल.

प्रोग्रामर : आत्ता? एवढ्या माणसांत?

फिटर : माणसांतच फेडायची ठरली होती. साक्षीदार राहिला नाही म्हणून बुडवू? धर कठडा, जिना उतर. हळू... सरका हो बाजूला. साहेब, तुम्हीही ऐका. हे बघा, दोन्ही कान धरलेत. मी गाढव आहे. तो तिथं टाकीत होता, आणि मी इथं वर गॅलरीत पैज लावून ह्या पोराला घाई करत होतो.

वहिनी : भावजी, आज तरी थट्टा नको हो.

फिटर : थट्टा नाही वहिनी. बोल रे.

प्रोग्रामर : वहिनी, साहेब सांगतायत ते खरं नाही. दादांनी नोंद केली होती. उतरायच्या आधी. ती मी पुसली. न बघता.

वहिनी : यांनी केली होती?

प्रोग्रामर : हो.

वहिनी : थांबा. मुलं वर आहेत, त्यांना बोलावते. त्यांच्यासमोर पुन्हा सांगा.